असेंबल्ड पीसीसाठी एसएसडी, रॅम आणि एसएमपीएस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी संगणक जोडायचं ठरलं की सगळी चर्चा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची होते. बजेट तिथेच संपतं आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवलं जातं. मग कोटेशनमध्ये तीन ओळी येतात: १ टीबी एसएसडी (डेटा साठवणारी वेगवान ड्राइव्ह), १६ जीबी रॅम (चालू कामाची मेमरी), ५०० वॉट एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). पुढे ना कंपनी, ना मॉडेल. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले हे तीन आकडे निवडीसाठी जवळजवळ निरुपयोगी आहेत. कामाचे आकडे मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतात. खालची बहुतेक उत्तरं त्या बारीक अक्षरांबद्दलच आहेत.

पैसे मोजकेच आहेत. तिघांपैकी कशावर अजिबात तडजोड करू नये?

एसएमपीएसवर. रॅम बिघडली तर रॅमच बदलावी लागते. एसएसडी गेली तर डेटा जातो, पण बाकी मशीन शाबूत राहतं. सुमार एसएमपीएस मात्र जाताना मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि डिस्क यांपैकी कुणालाही सोबत घेऊन जाऊ शकतो. दुसरा क्रम एसएसडीचा. रॅम शेवटी, कारण ती नंतर वाढवता येते.

कॅबिनेटसोबत ४५० वॉटचा एसएमपीएस जवळजवळ फुकट मिळतोय. चालेल का?

आधी त्याच्या अंगावरचा स्टिकर वाचा. तिथे एक तक्ता असतो: +३.३ व्होल्ट, +५ व्होल्ट, +१२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे वीज खाणारे दोन्ही मुख्य भाग, १२ व्होल्टवर चालतात. म्हणून १२ ला त्या रकान्यातल्या अँपिअरने गुणा. तक्त्यात १८ अँपिअर असतील तर उत्तर २१६ वॉट येतं. खोक्यावर ४५० छापलेलं असलं तरी तुमच्या उपयोगाचे वॉट तेवढेच. चांगल्या ५५० वॉटच्या युनिटवर १२ व्होल्टसमोर ४५ अँपिअर लिहिलेले दिसतात, म्हणजे ५४० वॉट. जवळजवळ सगळी क्षमता तिथेच. १२ व्होल्टचे दोन रकाने दिसले तर त्यांची सरळ बेरीज करू नका. दोन्ही मिळून किती, हे वेगळं दिलेलं असतं.

स्टिकरवर अँपिअरच नसतील, तर मॉनिटर-कीबोर्डच्या ऑफिस मशीनसाठीसुद्धा मी तो घेणार नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. काही युनिटची पूर्ण क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते, चांगल्यांची ४० किंवा ५० अंशांना. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीतच ४० अंश असतात, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. तिथे २५ अंशांच्या आकड्याला काय अर्थ? आतले कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारे छोटे भाग) १०५ अंशांचे आहेत की ८५ अंशांचे, हेही उत्पादनाच्या माहितीपत्रकात बघा. उष्णतेने आधी तेच सुकतात.

माझ्या पीसीला किती वॉटचा लागेल?

बेरीज सोपी आहे. रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण पूर्ण जोर लावल्यावर सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत घेतो. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॉट घेतं. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ढोबळ ५० वॉट धरा. झाले साधारण २५० वॉट. इथे चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस भरपूर झाला. कार्डाची चिप बनवणारी एनव्हिडियासुद्धा त्यासाठी तेवढाच सुचवते. आरटीएक्स ४०७० हे २०० वॉटचं कार्ड असेल तर ६५०.

दुप्पट जागा कशाला ठेवायची? दोन कारणं आहेत. एसएमपीएस निम्म्याच्या आसपास भारावर सर्वांत कमी वीज वाया घालवतो आणि पंखाही शांत राहतो. दुसरं म्हणजे आधुनिक ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी छापील आकड्याच्या कितीतरी वर उसळी मारतं. सरासरी ठीक असूनही गेमच्या मध्येच मशीन खाडकन बंद पडतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. २०२२ मध्ये आलेल्या एसएमपीएसच्या एटीएक्स ३.० मानकात अशा उसळ्या झेलण्याची अट घातलेली आहे. मोठं कार्ड घेणार असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलंच युनिट घ्या.

इंटेलच्या के मालिकेबाबत सावध राहा. आय७ १४७००के खोक्यावर १२५ वॉटचा दिसतो आणि टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण जोरात, २५३ वॉटपर्यंत जातो.

७५० वॉटचा घेतला तर बिल वाढेल ना? आणि ब्राँझ की गोल्ड?

नाही वाढणार. एसएमपीएस लागेल तेवढीच वीज ओढतो. ७५० ही त्याची मर्यादा आहे.

बिलावर परिणाम होतो तो कार्यक्षमतेचा, म्हणजे ८० प्लस या प्रमाणपत्राच्या श्रेणीचा. ब्राँझ आणि गोल्ड या त्याच्याच श्रेणी, गोल्ड वरची. समजा, संगणकाला ३०० वॉट हवेत. ८५ टक्के कार्यक्षम युनिट भिंतीतून सुमारे ३५३ वॉट घेईल, ९० टक्क्यांचं ३३३. फरक २० वॉट. रोज ६ तास इतक्याच भारावर मशीन चाललं तर वर्षाला विजेची ४४ युनिट, युनिटला १० रुपये धरले तर ४४० रुपये. ब्राँझ आणि गोल्डमधला किमतीचा फरक एवढ्या वेगाने वसूल होतो का, ते गणित तुमचं तुम्ही करा. दिवसाला दोन तास वापरणाऱ्यासाठी सहसा होत नाही.

पण ८० प्लसचा बिल्ला फक्त कार्यक्षमता सांगतो. व्होल्टेज किती स्थिर राहतं, शॉर्ट झाल्यावर युनिट वेळेत बंद होतं की नाही, यावर तो काहीच बोलत नाही. भक्कम ब्राँझ कमकुवत गोल्डपेक्षा बरा, आणि वॉरंटी हा मला जास्त बोलका आकडा वाटतो. कंपनी ५, ७ किंवा १० वर्षांची हमी देते तेव्हा आत काय घातलंय ते तिला माहीत असतं.

जुन्या मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या वायरींच्या) एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावल्या तर?

लावू नका. मदरबोर्डाकडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडचं नसतं. खाचेत वायर बरोब्बर बसते, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि सगळ्या डिस्क एका क्षणात जळतात. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही हा क्रम वेगळा असतो. जुना एसएमपीएस काढताना त्याच्या वायरीही काढून एका पिशवीत ठेवा.

जोडणी करताना आणखी एक घोळ होतो: प्रोसेसरची ८ पिनची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची ६+२ पिनची वायर लांबून सारख्याच दिसतात. त्या सहज बसत नसतील तर जोर करू नका. मोठ्या कार्डांची १६ पिनची जोडणी मात्र शेवटपर्यंत दाबूनच बसवायची. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारींत अर्धवट बसलेला कनेक्टर हे एक कारण सापडलं होतं.

आमच्याकडे लाइट सारखी जाते. घरात इन्व्हर्टर आहे, वेगळा यूपीएस हवा का?

इन्व्हर्टरवर एक छोटं बटण किंवा सेटिंग असतं: यूपीएस आणि इको. बऱ्याच घरांत ते कुणी कधी पाहिलेलंच नसतं. इको मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीकडे वळायला इन्व्हर्टर इतका वेळ घेतो की पंखा-दिव्याला कळत नाही, पण संगणक रीस्टार्ट होतो. एटीएक्स एसएमपीएस वीज तुटल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, तेही चांगला असेल तर. यूपीएस मोडमध्ये बदल लवकर होतो आणि बऱ्याचदा एवढ्यावर काम भागतं.

अडचण गावाकडे येते. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजबाबत काटेकोर होतो. शेतीपंप सुरू झाले, व्होल्टेज १७० वर आलं की तो बॅटरीवर जातो, आणि लाइट असूनही बॅटरी उतरत राहते. अशा ठिकाणी संगणकाला स्वतंत्र यूपीएस घेणं सोयीचं. एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट १००–२४० व्होल्ट आहे ना, तेही पाहून घ्या. स्वस्तातल्या काहींवर २००–२४० असतं आणि ते कमी व्होल्टेजला दम सोडतात.

यूपीएसच्या खोक्यावरही तोच मोठ्या आकड्याचा खेळ. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हेत. अशा युनिटवर बारीक अक्षरात बहुधा ३६० वॉट लिहिलेले असतात. २५० वॉटच्या मशीनला आणि मॉनिटरला ते काठावर पुरतं, आणि फाइल सेव्ह करून बंद करण्याइतकीच मिनिटं देतं. मोठं कार्ड असेल तर ११०० व्हीए, ६६० वॉटच्या गटात जा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की साइन वेव्हऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. अॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही आणि यूपीएस असूनही मशीन बंद पडतं. परवडत असेल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या. लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका.

कॅबिनेटला हात लावला की हाताला मुंग्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?

बहुतेक वेळा एसएमपीएस ठीक असतो, अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळायला कॅबिनेटशी जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंगची वायर कामाची नसेल तर कॅबिनेटवर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण एचडीएमआय किंवा यूएसबी चालू मशीनला लावताना तो पोर्टचं नुकसान करू शकतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या बोर्डचं अर्थिंग तपासून घ्या. तिसरी पिन कापणं किंवा नळाच्या पाइपला वायर बांधणं हे उपाय नव्हेत. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर हे काम भाग विकत आणण्याआधीच उरका.

८ जीबी रॅम पुरेल का?

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, त्यामुळे चालू होईल. ब्राउझरच्या पंधरा टॅब, एक एक्सेल आणि व्हिडिओ कॉल एकत्र आले की ८ जीबी भरतात. आज नवीन मशीनला १६ धरा. व्हिडिओ एडिटिंग, मोठ्या फोटोशॉप फाइल, व्हर्च्युअल मशीन असतील तर ३२. नुसत्या गेमसाठी ६४ घेणं म्हणजे पैसे स्लॉटमध्ये खोचून ठेवणं.

१६ जीबीची एक काडी घ्यावी की ८-८ च्या दोन?

दोन. डीडीआर४ ३२०० ची (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा वेग) एक काडी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी पुरवते, दोन चॅनेलमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या मार्गांवर, लावलेल्या दोन काड्या ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर फरक मध्यम राहतो. रायझन ५ ५६००जीसारखा अंगच्या ग्राफिक्सचा प्रोसेसर असेल तर मात्र तो थेट गेमच्या फ्रेममध्ये दिसतो, कारण तिथे ग्राफिक्स याच रॅमवर जगतं.

चार खाचांच्या मदरबोर्डावर दोन काड्या कुठे लावायच्या? बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. शेजारीशेजारी लावलेल्या काड्या बऱ्याच घरी पाहायला मिळतात, अगदी दुकानातून जोडून आलेल्या मशीनमध्येही.

पुढे वाढवायचं म्हणून डीडीआर५ वर आज दोन आणि नंतर दोन असा बेत करू नका. एएम५ वर (एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरांचं सॉकेट) चार काड्या लावल्या की रॅमच्या वेगाची एएमडीची अधिकृत मर्यादा ३६०० वर घसरते. ३२ लागणार हे दिसत असेल तर १६-१६ ची जोडी एकाच खोक्यातली घ्या. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, एकाच मॉडेलच्या काड्यांतही चिप वेगळ्या निघतात.

डीडीआर४ घ्यावी की डीडीआर५?

हा निर्णय रॅमचा नसतोच, मदरबोर्डाचा असतो. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर फक्त डीडीआर४ चालते, एएम५ वर फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत बोर्डानुसार दोन्हींपैकी एक, आणि कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेत फक्त डीडीआर५. दोन्हींना पिना २८८ च, पण मधली खाच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

एरवी मी नव्या मशीनला डोळे मिटून डीडीआर५ म्हटलं असतं. पण २०२५ च्या उत्तरार्धात एआय डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भराभर चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा आपला ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोटेशन आठवडाभर जुनं झालं तरी पुन्हा विचारून घ्या. घरात आधीच डीडीआर४ असेल तर तिला धरून एएम४ वर अजून काही वर्षं काढणं हा आता कंजूषपणा नाही, व्यवहार आहे.

६००० ची रॅम घेतली, पण टास्क मॅनेजर ४८०० दाखवतो. फसवलं का?

नाही. छापील वेग आपोआप लागू होत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलवर एक्सएमपी, एएमडीवर एक्सपो हे सेटिंग चालू करावं लागतं. एकदा केलं की झालं.

इथेही पुढचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. मागे सीएल लिहिलेलं असतं. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागलं की रॅमच्या प्रतिसादाचा उशीर नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर४ ३२०० सीएल१६: १०. डीडीआर५ ६००० सीएल३०: तेही १०. डीडीआर५ ४८०० सीएल४०: जवळजवळ १७. रायझन ७००० आणि ९००० साठी ६००० सीएल३० हा चांगला मुक्काम आहे. त्याच्या पलीकडे पैसे जास्त आणि फायदा नखाएवढा.

नवी डीडीआर५ मशीन पहिल्यांदा चालू केली, पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच.

थांबा. एएम५ वर पहिल्या सुरुवातीला बोर्ड रॅमशी जुळवून घेतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. मध्येच बटण दाबून बंद केलं तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. चहा करून या.

रॅम खोडरबराने घासून लावायचा जुना उपाय खरा आहे का?

पावसाळ्यात आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत संपर्कावर थर चढतो, त्यामुळे उपायात तथ्य आहे. पण खोडरबर सोन्याचा मुलामाही थोडा थोडा खरवडतो आणि त्याचा चुरा खाचेत पडतो. मशीनचा प्लग काढून, मऊ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

एनव्हीएमई, साटा, एम.२ यातलं नेमकं काय घ्यायचं?

साटा आणि एनव्हीएमई या एसएसडी जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. एम.२ हा आकार आहे, वेग नव्हे. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. त्या आकारात साटाची ड्राइव्हही येते आणि एनव्हीएमईचीही. साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडते. एनव्हीएमई तिसऱ्या पिढीत ३५०० पर्यंत, चौथीत ७००० च्या घरात, पाचवीत १०,००० च्या वर जाते.

हे आकडे पाहून पाचव्या पिढीकडे धावू नका. ते मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत. विंडोज सुरू होणं, गेम उघडणं ही हजारो छोट्या फाइलींची कामं. तिथे तिसरी आणि पाचवी पिढी शेजारी ठेवली तर बहुतेकांना फरक ओळखता येणार नाही. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आल्यावरचा फरक मात्र कुणालाही कळतो. नव्या मशीनला चौथ्या पिढीची मधल्या किमतीची एनव्हीएमई. दहा-बारा वर्षं जुन्या मशीनला २.५ इंची साटा. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत एक ओळ शोधा: काही बोर्डांवर दुसरा एम.२ भरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात.

दोन १ टीबी ड्राइव्हच्या किमतीत इतका फरक का?

तीन गोष्टी बघा. पहिली, माहिती साठवणाऱ्या पेशींचा प्रकार: टीएलसी की क्यूएलसी. टीएलसीच्या एका पेशीत ३ बिट असतात, क्यूएलसीत ४. क्यूएलसी स्वस्त पडते, पण मोठी फाइल टाकताना तिचा वेगवान राखीव भाग भरला की वेग हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. दुसरी, स्वतःची डीरॅम (कुठली माहिती कुठे आहे याच्या नोंदींची छोटी मेमरी) आहे की नाही. एनव्हीएमईत नसली तरी ती संगणकाच्या रॅममधला छोटा तुकडा उसना घेते आणि घरगुती कामाला ते पुरतं. साटा ड्राइव्हला ही सोय नाही, म्हणून तिथे डीरॅम असलेली घ्या. तिसरी, टीबीडब्ल्यू, म्हणजे हमीच्या काळात किती टेराबाइट लिहिता येतील. चांगल्या १ टीबी टीएलसीवर ६०० असतो. रोज ५० जीबी लिहिलं तरी तो गाठायला जवळजवळ ३३ वर्षं लागतील, त्यामुळे लिहून लिहून एसएसडी झिजेल ही भीती सोडा.

माहितीपत्रकात पेशीचा प्रकारच दिलेला नसेल, तर कंपनीने आतला माल बदलायची मुभा स्वतःकडे ठेवली आहे असं समजा आणि किंमतही तशीच द्या.

आणि हो, १ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कंपनी दशमान पद्धतीने मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. कुणी काही काढून घेतलेलं नाही.

हार्ड डिस्क आता घ्यायचीच नाही का?

सिस्टिमसाठी नाही. लग्नाचे व्हिडिओ, फोटो, जुनी कागदपत्रं यांच्या साठ्यासाठी अजून तीच बरी, तीही सीएमआर प्रकारची, म्हणजे लिखाणाचे पट्टे वेगवेगळे असलेली. एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात आणि पुन्हा लिहिताना ती रेंगाळते. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी वापरू नका. मानकानुसार, आयुष्यभराचं लिखाण संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेशिवाय ३० अंशांना डेटा एक वर्ष टिकवावा एवढीच अपेक्षा आहे.

दुकानातून घ्यावं की ऑनलाइन?

भाव दोन्हीकडे पाहा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजूनही घासाघीस होते. कुठूनही घ्या, पण जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून भारतातली वॉरंटी किती शिल्लक आहे ते बघा. परदेशातून आलेल्या मालाची इथे बऱ्याचदा नसते. मशीन जोडल्यावर पहिल्याच दिवशी रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा आणि ड्राइव्हची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचे चालू तास पाहा. नवीन म्हणून घेतलेल्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसले तर ती परत न्या.

वॉरंटीत बदलून ड्राइव्ह मिळते, डेटा मिळत नाही. शिवाय मेलेली ड्राइव्ह परत पाठवताना पुसताही येत नाही, म्हणून विंडोजचं बिटलॉकर किंवा तत्सम एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणारी सोय) पहिल्या दिवसापासून चालू ठेवा आणि त्याची की दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवा.